निव्वळ

जालना एमआयडीसी, तिसरं फाटक,
साठ टनांचा काटा, आणि काट्याला चिकटलेली
माझी आठ बाय सहाची केबिन.
रात्री अकरा ते सकाळी सात
भंगार येतं, सळई जाते.
मधल्या रिकाम्या वेळात
मी विश्वचषक भरवतो.

खेळत नाही. आधीच सांगतो,
कारण लोक विचारतात आणि मग हसतात.
दोन्हीकडून कॉम्प्युटरच खेळतो.
माझं काम गट पाडायचे, तारखा लावायच्या,
सामना सुरू करून हात मांडीवर ठेवायचे.
बत्तीस देश, चौसष्ट सामने.
गाड्या कमी असल्या
तर अकरा रात्रींत चार वर्षं उलटतात.
सध्या माझ्याकडे २०७४ चालू आहे.

निकाल जुन्या वजनवहीत लिहितो.
रकाने छापीलच : भरलेलं, रिकामं, निव्वळ.
केलेले गोल भरलेल्यात, खाल्लेले रिकाम्यात.
पेरू अधिक तीन. जपान उणे एक.
सौदी अरेबिया निव्वळ शून्य,
म्हणजे आले, धावले, गेले,
काट्यावर काही उरलं नाही.

भारत पात्रता फेरीतच गळतो.
संघांना हात लावायचा नाही, हा माझाच नियम.
लावता येतो, दोन बटणांचं काम आहे.
२०५८ला मात्र आपण आपल्या पायांनी पोचलो,
कॅमेरूनकडून चार-शून्यनं हरलो,
आणि मी पहाटे साडेतीनला टपरीवाल्याला उठवून
सगळ्या हमालांना चहा पाजला.
कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

ताजोद्दीन पटेल भोकरचा, चौदा टायरी चालवतो.
एका रात्री पावतीसाठी खिडकीत वाकला
आणि वाकलेलाच राहिला.
"तू खेळनास का रे?"
नाही.
"मग बगतूस कामून?"
म्हटलं, गाडी काट्यावर चढली की
आकडे थरथरतात.
ते थांबेस्तोवर तू डोळा हलवतोस का?
तो बोलला नाही. आत येऊन डबा पालथा घालून बसला.

त्याला आइसलँड आवडलं.
"समद्या देशात नांदेडाएवढी बी मानसं न्हाईत म्हनतूस?"
त्यांच्या एकोणीस नंबरच्या पोराचं नाव
आम्हा दोघांच्याही जिभेवर बसेना.
गेमनंच जन्माला घातलेलं पोर,
खऱ्या जगात त्याला आई नाही, गाव नाही.
ताजोद्दीन त्याला नुसतं एकोणीस म्हणायचा.
उपांत्य फेरीच्या रात्री त्यानं वाट वाकडी केली,
शहागडहून फोन : "एकोनीस हाय ना आज?"

अंतिम सामना. उरुग्वे.
एकोणीसनं एकाहत्तराव्या मिनिटाला मारला.
शहाऐंशीव्याला वॉचमननं शिट्टी फुंकली,
मागं सहा गाड्या तुंबलेल्या.
"जितलंच की आता," म्हणत तो उतरला,
सळईचं शेपूट हलवत ट्रक फाटकाबाहेर गेला
आणि लाइट गेली.

यूपीएस फक्त काट्याला आहे.
सामना कुठंच जतन नव्हता.
लाइट आल्यावर पुन्हा लावला :
तीच मैदानं, तेच अकरा.
एकोणीस बाराव्या मिनिटाला लंगडत बाहेर.
उरुग्वे दोन, आइसलँड शून्य.

चार दिवसांनी ताजोद्दीन
सीताफळांची पिशवी घेऊन हजर.
देऊळगाव राजाच्या ढाब्यावर
त्यानं त्या रात्री सगळ्यांचं बिल दिलं होतं.
"लिवलंस न्हवं वहीत?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी.
वजन करताना ड्रायव्हर केबिनमध्ये बसलाय
की खाली उतरलाय,
यानं सत्तर-ऐंशी किलो इकडंतिकडं होतात.
भांडणं होतात. म्हणून पावतीवर
शेऱ्याचा एक रकाना असतो.

मी वही उघडली.
२०७४, अंतिम. आइसलँड अधिक एक.
शेरा : ड्रायव्हरसह.

खालची ओळ पिशवीखाली झाकली होती.
त्यानं सीताफळ फोडलं, बिया मुठीत जमवत म्हणाला,
"फुडला कवा लावनार?"